दमट हवा जड नसते

‘डॉक्टर, हवा फार जड झाली आहे, दम लागतो,’ असे मे महिन्याच्या अखेरीस बाह्यरुग्ण विभागात हमखास ऐकू येते. अमेरिकेतले बेसबॉलप्रेमीही असेच मानतात, की दमट दिवशी हवा जड होते आणि फटकावलेला चेंडू लांब जात नाही. दोघांच्या अनुभवात तथ्य आहे, पण कारण वेगळेच आहे.

हवेत उडालेल्या चेंडूला अडवते ती हवाच. ती जितकी विरळ, तितका चेंडू दूर जातो. डेन्व्हर शहर समुद्रसपाटीपासून सुमारे १,६०० मीटर उंचीवर आहे. तिथे हवेची घनता १७-१८ टक्क्यांनी कमी असल्याने चेंडू साधारण पाच टक्के जास्त अंतर कापतो. तापलेली हवाही प्रसरण पावून विरळ होते. तापमान दहा अंश सेल्सिअसने वाढले, तर १२० मीटरच्या फटक्यात जवळपास दोन मीटरची भर पडते. वारा मात्र या सगळ्यांवर मात करतो. शिकागोच्या रिग्ली फील्डवर तो कोणत्या दिशेने वाहतो, यावर सामन्याचा रंग ठरतो.

आता दमटपणा. पाण्याच्या रेणूचे वजन १८, तर नायट्रोजनचे २८ आणि ऑक्सिजनचे ३२. म्हणजे तापमान आणि दाब तेच असतील, तर हवेत बाष्प वाढल्यावर ती हलकी होते! चेंडूला त्याचा किंचित फायदाच मिळतो. मग तो कमी का जातो? कारण चेंडू स्वतःच ओलावा शोषतो. त्याच्या आत लोकरीचा धागा गुंडाळलेला असतो. तो दमट झाला की चेंडू जड होतो आणि त्याची उसळी घटते. डेन्व्हरच्या संघाने २००२ पासून चेंडू ठरावीक आर्द्रतेच्या खोलीत ठेवायला सुरुवात केली आणि तिथले होमरन घटले. २०२२ पासून तर मेजर लीगच्या तीसही मैदानांवर अशी सोय आहे.

आपल्या शरीराचेही तसेच आहे. जडपणा हवेत नसतो; घाम वाळत नाही, हे खरे दुखणे. एक लिटर घाम पूर्ण वाळला, तर सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता शरीराबाहेर जाते. दमट हवेत तो नुसता निथळतो. पाणी आणि मीठ जाते, शरीर मात्र थंड होत नाही.

म्हणून तापमान ३४-३५ अंशच आहे, असे म्हणून गाफील राहू नका. दमट दिवशी कष्टाची कामे सकाळी उरका, तहान लागण्याची वाट न पाहता पाणी प्या. उन्हात काम करणारा माणूस असंबद्ध बोलू लागला, त्याचा तोल जाऊ लागला, तर त्याला सावलीत न्या, अंगावर पाणी ओतून वारा घाला आणि तातडीने रुग्णालयात हलवा. तो शुद्धीवर नसेल, तर तोंडात पाणी घालू नका.

आणि दम लागणे सावलीत, पंख्याखाली बसूनही थांबले नाही, तर दोष हवेला देऊ नका. छाती तपासून घ्या.