मुलगे मैदानावर, मुली हॉलमध्ये

जुलै 2025मध्ये शहापूरच्या एका शाळेत स्वच्छतागृहात रक्ताचे डाग दिसले, म्हणून कुणाची पाळी चालू आहे हे शोधायला मुलींची तपासणी झाली. मुख्याध्यापिकेला अटक झाली. 'गावाकडे असंच चालायचं,' असं आमच्या सोसायटीतल्या एका गृहस्थांनी ऐकवलं आणि माझं डोकं फिरलं. शहापूर काय आणि नवी मुंबई काय, जिल्हा एकच, ठाणे. आणि सिडकोच्या या आखीवरेखीव शहरात लैंगिक शिक्षणाच्या बाबतीत आम्ही तरी काय दिवे लावले?

र. धों. कर्व्यांनी 1927 साली 'समाजस्वास्थ्य' मासिक काढलं, लैंगिक विषयांवर लिहिल्याबद्दल खटले अंगावर घेतले. 1934च्या खटल्यात त्यांची बाजू डॉ. आंबेडकरांनी मांडली. 1953मध्ये कर्वे गेले, मासिकही संपलं. त्यानंतरची पन्नास वर्षं शाळांनी फुलांचे पुंकेसर मोजण्यात घालवली. त्याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही.

माझा राग आहे तो 2007नंतरच्या दशकावर. तेव्हा मी नेरुळच्या एका शाळेत विज्ञान शिकवत होते. एड्सच्या धास्तीने का होईना, केंद्राने किशोरवयीन शिक्षणाचा कार्यक्रम आणला होता. 2007मध्ये राज्याच्या विधानसभेत त्यातल्या चित्रांवरून गदारोळ झाला, पक्षभेद विसरून आमदारांना संस्कृती आठवली आणि राज्य सरकारने कार्यक्रम गुंडाळला. पर्याय कुणी दिला नाही. 2009मध्ये व्यंकय्या नायडूंच्या अध्यक्षतेखालच्या राज्यसभा समितीनेही शाळेत लैंगिक शिक्षण नको असंच सांगितलं. शाळाचालकांना तेवढं निमित्त पुरलं.

मग उरला तो सॅनिटरी पॅड कंपनीचा तास. मुलींना हॉलमध्ये बसवायचं, दारं लावायची, एक पाकीट हातात द्यायचं; मुलग्यांना फुटबॉल देऊन मैदानावर पिटाळायचं. आत काय चाललंय हे मुलग्यांना कुणी सांगितलं नाही, पण वाशीच्या सायबर कॅफेने बरंच सांगितलं, तेही वाकडंतिकडं. मी दोघांना एकत्र बसवायचं सुचवलं, तर स्टाफरूममधल्या बाईच आधी हसल्या. तिकडे गडचिरोलीत डॉ. राणी बंग 'तारुण्यभान' शिबिरांमधून तरुण मुलामुलींशी मोकळेपणाने बोलत होत्या, आणि आमच्याकडे मॉल, मेट्रोच्या गप्पा! 2013 साली मुलांच्या लैंगिक कुतूहलावरच्या 'बालक-पालक' सिनेमाला पालक गर्दी करून हसले. दुसऱ्या दिवशी शाळेत जैसे थे.

पूर्वी कुणी फॅमिली डॉक्टर हौसेने शाळेत यायचे, मुलांनी चिठ्ठ्यांवर लिहिलेले प्रश्न वाचून उत्तरं द्यायचे. तेही बंद झालं. आता समुपदेशक असतात, पण बहुतेक दहावीच्या ताणापुरते.

लैंगिक शिक्षण नववीपासून नको, त्याआधीच सुरू करा, असं ऑक्टोबर 2025मध्ये सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं. इथे तर जे छापलेलं आहे तेही शिकवत नाहीत. दहावीच्या विज्ञान भाग 2मधलं 'सजीवांतील जीवनप्रक्रिया भाग - 2' हे तिसरं प्रकरण पाळी, गर्भधारणा सगळं सांगतं. अनेक वर्गांत ते 'घरी वाचून या' म्हणून सुटतं. पुढच्या पालकसभेत गुणांची चौकशी झाली की हेही विचारा: ते प्रकरण वर्गात कुणी, कधी शिकवलं, आणि तेव्हा मुलगे वर्गात होते का?