अर्धा व्होल्ट

वास डॅशबोर्डच्या खालून यायचा. जळक्या प्लास्टिकचा, किंचित गोडसर, आणि फक्त रात्री. बाबांची १९८४ची पद्मिनी, त्यामुळे घरात कुणी फारसं मनावर घेतलं नाही. वयाचा वास म्हणून सोडून दिला. शेवटी मीच गाडी नाना पेठेमागच्या एका बोळात, एका वायरमनकाकांकडे नेली.

काकांनी फ्यूजबॉक्सचं झाकण काढलं आणि हसले. हेडलाईटच्या फ्यूजला सिगारेटच्या पाकिटातली चांदी गुंडाळलेली होती. "फ्यूज उडणार कसा, ताई? उडायला काही ठेवलंच नाही."

मग त्यांनी हेडलाईट लावायला सांगितले. मीटरची एक पिन बॅटरीच्या प्लसवर, दुसरी बल्बच्या पायाशी. आकडा आला पावणेदोन. म्हणजे बारा व्होल्टांतले पावणेदोन वाटेतच गडप. "अर्धा व्होल्टपर्यंत मी चालवून घेतो. त्याच्यावर गेलं की तार तापते." हा अर्धा व्होल्ट पुढे दिवसभर माझ्या कानावर पडत राहिला.

दोष एकट्या तारेचा नव्हता. मूळ बल्ब ४५ वॅटचे. दोन मिळून साडेसात अँपिअर. भावाने हौसेने १०० वॅटचे हॅलोजन बसवले, ते झाले साडेसोळाच्या वर. तार तीच, स्विच तोच.

बाजारात वायरिंगचा तयार सेट मिळतो. मी एक घेऊनही गेले होते, पाकिटावर नुसतं 'फियाट' छापलेला. काकांनी एक टोक सोललं, एक बारीक तंतू नखावर धरून ब्लेडने खरवडला. वरून तांबूस, आतून पांढरा. अॅल्युमिनियमला तांब्याचा मुलामा. पुढचं तर मला ठाऊकच नव्हतं. कुर्ल्याच्या कारखान्यात फियाट ११०० ची पद्मिनी होईपर्यंत आणि त्यानंतरही आतली रचना बदलत गेली. जुन्यांना डायनॅमो, पुढच्यांना अल्टरनेटर. चार्जिंगच्या तारा दोघांच्या वेगळ्या. माझ्या हातातला सेट डायनॅमोचा होता. दुकानदाराने विचारलं नव्हतं, मीही सांगितलं नव्हतं.

काकांची पद्धत वेळखाऊ आहे. जुनं वायरिंग अख्खं, न कापता बाहेर काढायचं, प्लायवर पसरायचं आणि जिथे जिथे फाटा फुटतो तिथे खिळा ठोकायचा. मग त्या खिळ्यांवरून नवी तार ओढायची, रंग तेच ठेवून. हेडलाईटला जाड गेज. टोकं ते दाबूनच बसवतात, डाग देत नाहीत. डाग दिलेली तार कडक होते आणि हादऱ्यांनी नेमकी तिथेच तुटते, म्हणाले.

जळण्याची जागा इंजिनच्या पडद्यातल्या भोकाशी सापडली. तिथलं रबर बिस्किटासारखं झालं होतं, बोटाने दाबताच भुगा. पत्र्याची कड तारांच्या गाभ्यापर्यंत पोचली होती. काका बराच वेळ ती जागा बघत होते. मला तिथून हलावंसं वाटेना. या चांदीच्या भरवशावर आम्ही महाबळेश्वरला जाऊन आलो होतो.

रिले, म्हणजे हेडलाईटचा भार स्विचवरून काढून घेणारी डबी, बसवण्यावरून थोडी हुज्जत झाली, माझ्याशी नाही, शेजारी बसलेल्या एका हौशी गृहस्थांशी. कंपनीने दिला नव्हता, मग ओरिजिनल कसं राहील, असा त्यांचा मुद्दा. मला तो पटला नाही. मला घाट उतरायचा असतो, पदक मिळवायचं नसतं. काकांनी रिले बॅटरीच्या आड बसवला, दिसणार नाही असा, आणि भावाचे हॅलोजन काढून माझ्या हातात दिले.

चौथ्या दिवशी मीटर पुन्हा लावला. पॉइंट चार. "बसलं अर्ध्याच्या आत," म्हणत त्यांनी खिळे उपटायला घेतले.

निघताना त्यांनी जुनं वायरिंग पोत्यात भरून दिलं. "टाकू नका. पुढच्या वायरमनला मोजायला लागेल." ते पोतं डिकीत आहे. गाडी उन्हात उभी राहिली की वास येतो, आणि मी अजूनही आधी डॅशबोर्डखालीच वाकून बघते.