लिथियमची लवणे आणि ईथर : ‘विरघळणे’ या क्रियेचा स्फटिकातील अर्थ

‘मीठ विरघळले’ या वाक्यातून मीठ नाहीसे झाले, एवढाच बोध व्यवहारात होतो. परभणी जिल्ह्यातील मराठी शाळांतून शिकून आलेल्या विद्यार्थ्याची पाठ हा अर्थ पदव्युत्तर वर्गातही सोडीत नाही. वस्तुतः विद्रावण म्हणजे लोप नव्हे. ती नवी संबंधरचना होय. लिथियमची लवणे व ईथर यांच्या संयोगातून मिळणारे स्फटिक याचा उत्तम पुरावा देतात.

लिथियमचा धनायन अत्यंत लहान असल्याने त्याचा भार अल्प जागेत एकवटलेला असतो. ईथरातील ऑक्सिजनच्या अबद्ध इलेक्ट्रॉन-जोड्या त्याकडे ओढल्या जातात. बहुधा चार ते सहा शेजारी तो स्वतःभोवती जमवितो. टेट्राहायड्रोफ्युरानचे चार रेणू चतुष्फलकाच्या कोपऱ्यांवरून त्याला वेढतात, अशी रचना अनेक लवणांत आढळते. तथापि यांपैकी काही जागा ऋणायनही घेऊ शकतो. कोणती जागा कोणाची, हे ऋणायनाची प्रकृती आणि ईथराचे प्रमाण यांवर अवलंबून असते.

पॉलिएथिलीन ऑक्साइड ही ईथराचीच दीर्घ शृंखला होय. पीटर ब्रूस व त्यांचे सहकारी यांनी तिच्या दोन स्फटिकांची रचना उलगडली. 1993 मधील ट्रायफ्लेट लवणात लिथियमला पाच शेजारी आढळले : तीन ऑक्सिजन शृंखलेचे, दोन ऋणायनांचे. 1999 मधील हेक्झाफ्लुओरोआर्सेनेट लवणातही शेजारी पाचच. परंतु ते सर्व ईथराचे, तीन एका शृंखलेचे व दोन दुसरीचे. दोन शृंखलांनी घडविलेल्या बोगद्यात लिथियम राहतो आणि ऋणायन बाहेर पडतो. संख्या तीच, संबंध मात्र निराळे.

हा भेद केवळ वर्णनाचा नाही. अशा पदार्थांत आयनांचे वहन अस्फटिकी भागातूनच होते, अशी समजूत दीर्घकाळ रूढ होती. 2001 मध्ये याच बोगद्याच्या रचनेचे स्फटिक त्याच संघटनाच्या अस्फटिकी रूपाहून अधिक वाहक असल्याचे दिसून आले. घन विद्युत्‌घटांच्या संशोधनास त्यामुळे नवी दिशा लाभली.

भाषाशास्त्रज्ञास हे अपरिचित वाटू नये. ल्यूसियँ तेनिएर यांच्या 1959 च्या ग्रंथाने क्रियापदासाठी ‘संयुजा’ ही कल्पना रसायनशास्त्रातूनच घेतली. क्रियापदाला किती पदे हवीत, एवढे कळून वाक्यार्थ लागत नाही. त्या जागी कोणती पदे आली, हेही पाहावे लागते. म्हणून विद्यार्थ्याने ‘लवण विरघळले’ एवढे लिहून थांबू नये. धनायनाशेजारी कोण उभा आहे, तेही लिहावे.