पुढच्या जन्मावर टाकलेली उधारी

आमच्या भागातील एका लहानशा सार्वजनिक वाचनालयाच्या ग्रंथनिवड समितीवर प्रस्तुत लेखक काही वर्षे काम करीत आहे. जागा अपुरी आणि अनुदान तुटपुंजे, तेव्हा जीर्ण पुस्तके बाद करून कपाटे मोकळी करावीत असा ठराव मध्यंतरी झाला. बाद करावयाच्या यादीत मी सर्वप्रथम जी नावे सुचविली ती जुन्या अद्भुतरम्य कादंबऱ्यांची होती. नाथमाधवांचे ‘वीरधवल’, गो. ना. दातारांचे ‘शालिवाहन शक’, ‘कालिकामूर्ति’ आणि त्यांच्यामागून आलेली किती तरी अनामिक पुस्तके. कुठल्या तरी जुन्या राजवटीचा काळ, भुयारे, शाप, पूर्वजन्मीच्या खुणा आणि या सर्वांतून वाट काढणारे एक प्रेमी युगुल. अर्थशास्त्र शिकविणाऱ्या माणसाला या मालाचे मोल ते काय वाटणार? ग्रंथपालांनी काही न बोलता देवघेवीची नोंदवही माझ्यापुढे सरकविली. मी ज्यांना मृत ठरविले होते तीच पुस्तके सर्वाधिक फिरत होती. ती फाटली होती ती वाळवीने नव्हे, तर वाचली गेल्यामुळे.

मागणी म्हणजे मूल्य नव्हे, हे आम्ही वर्गात पहिल्या आठवड्यातच सांगतो. परंतु मागणी ही कशाची तरी खूण असते, हेही त्याच आठवड्यात सांगतो. मग ही खूण कशाची?

या प्रश्नाचे उत्तर मला आमच्याच वर्गातील एका मुलीने दिले. पदवीच्या शेवटच्या वर्षाला असलेली ही हुशार मुलगी तासाआधी भ्रमणध्वनीवर एक क्रमशः कादंबरी वाचीत असे. पेशवाईत ताटातूट झालेले दोघे आजच्या काळात एका पडक्या वाड्यात पुन्हा भेटतात, अशी काहीशी ती कथा. मी थट्टेने म्हणालो, “बाई, मागणी-पुरवठ्याच्या परीक्षेत भुताचा प्रश्न येत नाही.” ती हसली आणि म्हणाली, “सर, त्या गोष्टीत माणसांना निदान पुढच्या जन्मी तरी मनासारखं मिळतं.” परीक्षेपूर्वीच तिचे लग्न ठरले व ती पुन्हा वर्गात दिसली नाही. तिला कोणी विचारले होते की नाही, हे मला ठाऊक नाही. पण त्या वाक्याने माझी झोप उडविली, हे मात्र खरे.

मराठी कादंबरीच्या इतिहासात हे वाक्य नवे नाही. १८५७ मध्ये बाबा पदमनजींनी ‘यमुनापर्यटन’ लिहून विधवांच्या दुःखाचे वास्तव मांडले होते. तरीही नंतरच्या लेखकांनी ती वाट धरली नाही. १८६१ मध्ये लक्ष्मणशास्त्री हळबे यांची ‘मुक्तामाला’ आली, १८६८ मध्ये नारो सदाशिव रिसबूड यांची ‘मंजुघोषा’ आली, आणि मराठी वाचक राजपुत्र व राजकन्यांच्या नवलाच्या जगात रमून गेला. समीक्षक याला पलायनवाद म्हणून मोकळे होतात. परंतु रिसबुडांनी आपल्या प्रस्तावनेत याचे कारण स्वच्छ सांगून ठेवले आहे. आपल्या समाजातील विवाहाची रीत आणि तशीच इतर काही कारणे यांमुळे आपल्या नित्याच्या आयुष्यात मनोरंजक असे काही घडतच नाही, सबब मनोरंजनासाठी अद्भुताचा आश्रय करणे भाग पडते, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय आहे.

या कबुलीचे महत्त्व आपण ओळखलेले नाही. ज्या समाजात मुला-मुलींची लग्ने त्यांना समज येण्यापूर्वीच उरकली जात, तेथे स्त्रीपुरुषांनी एकमेकांना निवडावे ही गोष्ट वास्तवात बसणारीच नव्हती. ती लिहावयाची तर काळ दूरचा हवा, राज्य कल्पित हवे, आणि वाटेतील अडचण बापाच्या किंवा जातीच्या नावाने न सांगता शापाच्या नावाने सांगितली पाहिजे. बाजारात जी वस्तू मिळत नाही तिच्याऐवजी माणूस दुसरी घेतो, तसाच हा प्रकार. अद्भुत ही वास्तवाची टंचाई मोजण्याची पट्टी आहे.

‘कादंबरी’ हा शब्दच पाहा. सातव्या शतकातील बाणभट्टाच्या ज्या कथेवरून आपण हे नाव घेतले, ती पुनर्जन्माचीच प्रेमकथा आहे. पुंडरीक विरहाने प्राण सोडतो, मरताना चंद्राला शाप देतो, चंद्र उलट शाप देतो, आणि महाश्वेता अच्छोद सरोवराच्या काठी तप करीत वाट पाहत राहते. बाण ती कथा पुरी करू शकला नाही. त्याच्या पश्चात मुलाने ती शेवटास नेली. वाट पाहण्याची कथा एका पिढीत संपली नाही, हा योगायोग असला तरी बोलका आहे.

आता सांगलीकरांनी आपल्या अंगणाकडे पाहावे. १८४३ मध्ये विष्णुदास भावे यांनी याच गावी संस्थानिकांच्या आश्रयाने ‘सीतास्वयंवर’ उभे केले ते देव आणि राक्षसांना रंगभूमीवर आणून. पुढे अर्धशतकाने, १८९३ मध्ये, कृष्णा-वारणेच्या संगमावरील हरिपूरच्या गोविंद बल्लाळ देवलांनी बाणाची तीच कथा ‘शापसंभ्रम’ या नावाने रंगभूमीवर आणली. शाप, मृत्यू, दीर्घ प्रतीक्षा आणि अखेर मीलन. यानंतर सहाच वर्षांनी, १८९९ मध्ये, त्याच देवलांचे ‘शारदा’ आले. त्यात ऋषी नाहीत, गंधर्व नाहीत. पैशाच्या लोभाने कोवळी मुलगी म्हाताऱ्याच्या गळ्यात बांधू पाहणारा बाप आहे, आणि तो श्रीमंत म्हातारा आहे. सौदा ऐन वेळी फसतो आणि मुलगी तरुणाची होते, ती याच जन्मी.

ही दोन नाटके दोन निरनिराळ्या देवलांची नव्हेत. ‘शापसंभ्रमा’त जी उधारी पुढच्या जन्मावर टाकली होती, तीच ‘शारदे’त रोख मागितली. पहिल्या नाटकाने हळहळावयास शिकविले नसते तर दुसऱ्याच्या वेळी प्रेक्षकांना चीड आली असती काय, असा प्रश्न मला पडतो. म्हणून अद्भुत आणि वास्तव यांना सवती समजणे मला आता मान्य नाही.

यावर एक आक्षेप रास्त आहे. अशा पुस्तकांमुळे अंधश्रद्धा वाढते, असे अनेक सुजाण शिक्षक म्हणतात. साताऱ्याच्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी ज्या जादूटोणाविरोधी कायद्यासाठी वर्षानुवर्षे खस्ता खाल्ल्या, तो २०१३ मध्ये त्यांच्या हत्येनंतर झाला. अशा प्रदेशात हा आक्षेप हलक्याने घेता येणार नाही. तथापि भोंदू बुवा आणि कादंबरीकार यांच्यात एक फरक आहे. बुवा आपली कल्पना सत्य म्हणून विकतो, कादंबरीकार कल्पना कल्पना म्हणूनच पुढे ठेवतो. धोका आहे तो ही सीमा पुसली जाते तेथे. कादंबरीतील प्रसंग इतिहास म्हणून व्यासपीठावरून सांगितला जातो आणि त्यावरून माणसे हमरीतुमरीवर येतात, तेव्हा दोष वेताळाचा नसतो, वाचावयास न शिकविल्याचा असतो. हे शिकविणे आम्हा शिक्षकांचे काम आहे, आणि ते पुस्तके बाद करून होत नाही.

२०१९ च्या महापुरात सांगली नगर वाचनालयात पाणी शिरून हजारो ग्रंथ भिजले, तेव्हा आपण सारे हळहळलो. कृष्णेने नेले त्याला इलाज नव्हता. परंतु आपण आपल्या हाताने, विद्वत्तेच्या अहंकारापायी, जे रद्दीत घालतो त्याचे काय?

मी माझी यादी मागे घेतली आहे. त्या कादंबऱ्या बांधणीला गेल्या, आणि समितीने माझ्या विनंतीवरून त्यांच्या शेजारी ‘शारदे’ची एक नवी प्रत ठेविली. यापुढे एखादी विद्यार्थिनी पुनर्जन्माची गोष्ट वाचताना दिसली तर मी थट्टा करणार नाही. या दोघांना याच जन्मी कोणी अडविले होते, एवढेच तिला विचारीन. आणि तोच प्रश्न तिच्या घरच्यांना विचारण्याची वेळ आली, तर या खेपेला परीक्षेपूर्वी विचारीन.