पत्रीची फेरी : लेखांक ६

गणेश चतुर्थीच्या आदल्या दिवशी दादरच्या फुलबाजारात पत्रीचे वाटे लागतात. त्यातला माका कोणता, आघाडा कोणता, हे घेणारा विचारत नाही आणि विकणाराही सांगत बसत नाही. एकवीस पत्री पिशवीत पडल्या की काम झाले.

माका ओलसर जागी उगवतो, आघाडा बांधावर. रुई आणि धोत्रा पडीक जमिनीत सापडतात, शमी कोरड्या माळावर, अर्जुन नदी-ओढ्याच्या काठी. म्हणजे पूजेची तयारी करायची, तर भाद्रपदात अख्ख्या शिवाराला एक फेरी मारावी लागे. (यादीत हिमालयातला देवदारही आहे, तेव्हा ती तंतोतंत फारशी कुणी पाळली नसावी.) ऋषिपंचमीला बैलाच्या कष्टाचे खायचे नाही, म्हणून परसातल्या अळू-भोपळ्याची भाजी. कोकणात अनेक घरी गौर तेरड्याच्या रोपांची, तर काही घरांत पाणवठ्यावरून आणलेल्या खड्यांची. यातले बहुतेक काही विकत आणायचे नसे, जाऊन शोधायचे असे.

मूर्तीचे गणित याहून सरळ आहे. जिप्सम सुमारे दीडशे अंशांवर भाजले की प्लास्टर ऑफ पॅरिस मिळते. पाणी घालून साच्यात ओतले की ते काही मिनिटांत घट्ट होते. शाडूची मूर्ती जड, सुकायला वेळ घेणारी आणि धक्का लागला की तुटणारी. गिऱ्हाइकाला मूर्ती दर वर्षी मोठी हवी आणि स्वस्तही हवी, मग पेणच्या कारागिराने दुसरे काय करावे?

घट्ट होताना हेच प्लास्टर पुन्हा जिप्सम झालेले असते, आणि विसर्जनानंतर ते पाण्याच्या तळाशी बसते. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०२० मध्ये अशा मूर्तींवर बंदीची भूमिका घेतली. २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने त्या घडवायला मुभा दिली. नैसर्गिक जलस्रोतांतल्या विसर्जनाला मात्र सरसकट परवानगी दिली नाही. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेने अमोनियम बायकार्बोनेटच्या द्रावणात मूर्ती घरीच विरघळवण्याची रीत दिली. त्यातून खताला चालणारे अमोनियम सल्फेटही मिळते. उपाय चोख आहे, पण नदीकाठी जायचे उरलेसुरले कारणही त्याने संपते.

‘पर्यावरणपूरक’ मूर्तीही आता दुकानातला एक नग झाली आहे. तिच्यासाठी लागणारी शाडू बहुतांशी गुजरातहून येते, मूर्ती घरपोच मिळते आणि मातीला हात लावायची वेळ येत नाही.

गोव्यात चित्र थोडे वेगळे दिसते. तिथे गणपतीच्या डोक्यावर लाकडी चौकटीला माटोळी बांधतात. तिला सुपारीचे घड, तोरंजन, आंबाडे, मालकांगोणीचे घोस लटकतात. प्लास्टिकची फळे तिथेही शिरली आहेत. पण सरकारचे कला आणि संस्कृती संचालनालय माटोळीच्या स्पर्धा घेते, आणि त्यासाठी घरेच्या घरे रानात उतरून शेकडो जिन्नस गोळा करतात. बक्षिसाच्या चढाओढीत दुर्मीळ वेली ओरबाडल्या जातील, ही भीती रास्तच आहे. म्हणून स्पर्धेत जिनसांच्या संख्येला किती गुण द्यायचे, याचा विचार परीक्षकांनी करायला हवा.