पाटी नसलेली खोली

‘दारू सोडणाऱ्यांवर लिहा, पण उपदेश नको,’ असं सांगून संपादकांनी हे काम गळ्यात मारलं. म्हणून अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस या दारू सोडणाऱ्यांच्या संस्थेच्या, म्हणजे सगळे जिला नुसतं ‘एए’ म्हणतात तिच्या, एका ओपन मीटिंगला गेलो. ओपन मीटिंगला न पिणाराही बसू शकतो. क्लोज्डला फक्त ज्याला सोडायची आहे तो. मुंबई-पुण्यात ही मंडळी बहुधा शाळेच्या एखाद्या वर्गात नाहीतर चर्चच्या हॉलमध्ये जमतात.

अधिकृत इतिहास थोडक्यात असा. १९३५चा मे महिना, अमेरिकेतलं अ‍ॅक्रन शहर. धंद्याचा सौदा फसलेला न्यूयॉर्कचा बिल विल्सन हॉटेलच्या लॉबीत येरझाऱ्या घालत होता. एका बाजूला बार, दुसऱ्या बाजूला टेलिफोन. दारू सोडून त्याला पाच महिने झाले होते. त्याने फोन उचलला आणि एका पाद्र्यामार्फत ओळखी काढत डॉ. बॉब स्मिथ या पिणाऱ्या सर्जनपर्यंत पोहोचला. डॉक्टर पंधरा मिनिटांच्या बोलीवर आले आणि कित्येक तास बसले. १० जून १९३५ हा त्यांच्या शेवटच्या पेल्याचा दिवस, आणि तोच संस्थेचा स्थापनादिन. यात मला महत्त्वाचं वाटतं ते हे, की बिल डॉक्टरांना सुधारायला गेलाच नव्हता. आपण पिऊ नये म्हणून त्याला दुसरा पिणारा हवा होता. सगळं यंत्र या गरजेवर चालतं.

ते चालताना पाहिलं साठीतल्या एका काकांमुळे. त्यांचं नाव छापायचं नाही, हा नियम. अर्धा तास आधी येऊन ते वर्ग उघडतात, बाकं सरकवतात, दारू सोडण्याच्या बारा पायऱ्या आणि गट चालवण्याच्या बारा परंपरांचे गुंडाळून आणलेले दोन फलक खिळ्याला टांगतात, चहा ठेवतात. मग सारखं लक्ष दाराकडे. ‘नवीन कोणी?’ एवढाच त्यांचा प्रश्न.

त्या दिवशी एक जण आला. तो कोण, काय बोलला, ते इथे येणार नाही. पण काकांनी त्याला चहा दिला तो अर्धाच कप. नंतर कारण विचारलं. ‘हात थरथरतात हो पहिल्या दिवशी. भरलेला कप सांडतो, आणि सांडला की माणूस लाजून उठून जातो.’ कुठल्या पुस्तकात हे सापडलं नसतं.

तो बसल्यावर मीटिंगचा सूरच बदलला. एकेक जण उठला, ‘मी अमुक, अल्कोहोलिक’ म्हणाला आणि स्वतःच्या पहिल्या दिवसाबद्दल बोलू लागला. ‘तू असं कर’ हे वाक्य तासाभरात एकदाही ऐकलं नाही. मध्ये कोणी बोलत नाही, सल्ला देत नाही, घड्याळ मात्र बघतात. शेवटी कापडी थैली फिरली. नव्या माणसाने खिशात हात घातला, तर शेजाऱ्याने तो हळूच थांबवला. फी नाही, वर्गणी नाही, बाहेरची देणगीही नाही. खोलीचं भाडं आणि चहा सभासदांच्या खिशातून.

याचा उपयोग होतो का? २०२०मध्ये वैद्यकीय अभ्यासांचे आढावे घेणाऱ्या कॉक्रेन या संस्थेच्या आढाव्यात २७ अभ्यास, दहा हजारांवर माणसं तपासली गेली. सलग दारूपासून दूर राहण्याच्या बाबतीत एएशी जोडून देणारे पद्धतशीर उपचार इतर प्रस्थापित उपचारांच्या तोडीचे, बऱ्याचदा सरस ठरले. फुकटच्या गोष्टीसाठी हे थोडं नाही.

अडचण दाराबाहेर आहे. निनावीपण जपायचं आणि जाहिरात करायची नाही, म्हणून पाटी नाही. पाटी नाही, म्हणून ज्याला गरज आहे त्यालाच पत्ता मिळत नाही. २०१९च्या ‘एम्स’च्या राष्ट्रीय पाहणीनुसार दारूचं व्यसन जडलेल्या दर ३८ जणांत एकालाच कुठली ना कुठली मदत मिळालेली. तालुक्याच्या गावी तर संध्याकाळची शेवटची एसटी आणि मीटिंगची वेळ जुळतच नाही. गावात निनावी राहणार तरी कसं? बायका फार क्वचित येतात. पिणाऱ्या पुरुषाला घर सांभाळून घेतं, बाईला घरातूनच काढतात. पिणाऱ्यांच्या घरच्यांसाठी १९५१पासून अल-अनॉन आहे आणि पुण्यातल्या ‘मुक्तांगण’ व्यसनमुक्ती केंद्रात पत्नींचा ‘सहचरी’ गट आहे, पण तिथवर पोहोचायलाही कोणीतरी हात धरावा लागतो. मीटिंगमधली प्रार्थना ऐकून ‘हे काय भजनी मंडळ आहे?’ म्हणत परत फिरणारेही असतात. देव मानायची सक्ती नाही, हे त्यांना दारातच सांगायला हवं. आणि ‘स्लिप’, म्हणजे सोडल्यावर पुन्हा पिणं, होतेच. काकांची तीनदा झाली. दर वेळी परत येऊन ते मागच्या बाकावर बसले.

शेवटी एक सांगायलाच हवं. रोज भरपूर पिणाऱ्याने मीटिंगच्या जोशात एकदम बाटली फेकू नये. पहिल्या दोन दिवसांत झटके येऊ शकतात, त्यानंतर वाताचा भ्रम, आणि त्यात जीवही जातो. आधी डॉक्टर, मग मीटिंग. जवळचा गट कुठे भरतो हे एएच्या कार्यालयातून कळतं. ते जमत नसेल तर केंद्र सरकारची व्यसनमुक्ती हेल्पलाइन १४४४६. हा फोन फुकट लागतो आणि पिणाऱ्याच्या बायकोनेही, आईनेही करायला हरकत नाही.