चाकणची ड्यूक

चाकणच्या तळेगाव चौकात सकाळी पाळी सुटायच्या वेळेला अडकलेल्या माणसाला मोटरसायकलची खरी परीक्षा कुठे होते हे सांगावे लागत नाही. पुढे कंटेनर, बाजूला कंपनीची बस, मध्येच तिरकी घुसलेली रिक्षा आणि डाव्या हाताला खड्ड्यात साचलेले पाणी. याच चाकणमध्ये, बजाजच्या कारखान्यात, केटीएम ३९० ड्यूक तयार होते. युरोपातल्या शोरूममध्ये उभी असलेली ३९० ड्यूकसुद्धा इथूनच जहाजात चढलेली असते. त्यामुळे तिसऱ्या पिढीच्या या गाडीवर पहिली फेरी मारायची तर सुरुवात चाकणच्या कोंडीतून करायची, असे मी ठरवून टाकले. ट्रॅकवर सगळ्याच गाड्या गुणी वाटतात.

ड्यूक हे नाव तसे जुने. ऑस्ट्रियातल्या माटिगहोफेन या लहानशा गावातल्या केटीएमने पहिली ड्यूक १९९४ मध्ये काढली. तोवर ही कंपनी चिखलातल्या शर्यतींच्या गाड्यांसाठी ओळखली जायची. आपल्याकडचा अध्याय सुरू झाला तो २००७ मध्ये, बजाज ऑटोने केटीएममध्ये साडेचौदा टक्के हिस्सा घेतला तेव्हा. डिझाइन तिकडचे, बांधणी चाकणची, असे ठरले. २०१२ च्या जानेवारीत २०० ड्यूक आली, २०१३ मध्ये ३९०. तेव्हा ३९० ची शोरूम किंमत होती १ लाख ८० हजार. एवढ्या पैशांत एवढी ताकद भारतीय गिऱ्हाइकाने पाहिलीच नव्हती. पुढच्या दोन-चार वर्षांत कॉलेजांबाहेर नारिंगी चाके दिसू लागली आणि ‘ड्यूकवाला’ ही एक जमातच तयार झाली. शेजारीपाजारी तिच्याबद्दल फारसे बरे बोलत नसत. त्यात शेजाऱ्यांचे काही चुकत होते असेही नाही.

पहिल्या दोन पिढ्यांचे इंजिन ३७३ सीसीचे होते आणि त्याचा स्वभाव एकच, मूठ पिळा. वरच्या फेऱ्यांत ते गात असे, खाली मात्र कुरकुरत असे. तिसऱ्या गिअरमध्ये तीसने चालवायला गेलात की गाडी हिसके द्यायची आणि चेनचा आवाज पायाखाली जाणवायचा. गर्दीत सारखा गिअर पाडा, क्लच दाबा, पुन्हा गिअर वाढवा. उत्साही माणसाला यात मजा वाटे, ऑफिसला जाणाऱ्याचा डावा पंजा संध्याकाळी दुखे.

सप्टेंबर २०२३ मध्ये आलेल्या नव्या गाडीत बदल नेमका इथे झाला. इंजिन ३९९ सीसीचे झाले, पण कसे झाले ते पाहण्यासारखे आहे. पिस्टनचा व्यास आधी होता तेवढाच, ८९ मिलिमीटर ठेवला. आमटीच्या वाटीएवढ्या तोंडाचा तो एकच पिस्टन. वाढवला तो त्याचा वर-खाली जाण्याचा पल्ला, ६० वरून ६४ मिलिमीटर. पल्ला वाढला की क्रँकचा हात लांब होतो, तेवढ्याच दाबाने जास्त पीळ, म्हणजे टॉर्क, मिळतो, आणि तो खालच्या फेऱ्यांपासून मिळू लागतो. कागदावर पाहिले तर ३७ न्यूटन मीटरचा टॉर्क ३९ झाला, तोही मिनिटाला ७००० ऐवजी ६५०० फेऱ्यांवर. ताकद ४३.५ पीएसवरून ४६ पीएस, ८५०० फेऱ्यांवर. आकडे वाचून कुणी खुर्चीतून उठणार नाही. पण चौकातून बाहेर पडताना तिसऱ्या गिअरमध्ये, जेमतेम तीसच्या वेगाने, मूठ नुसती हलवली आणि गाडी न कुरकुरता पुढे सरकली, तेव्हा या चार मिलिमीटरचा अर्थ कळला.

तुलनेसाठी सांगतो. घरोघरी असलेल्या शंभर सीसीच्या स्प्लेंडरची ताकद आठ पीएसच्या आसपास असते. ड्यूकचे वजन पेट्रोलसकट १६८ किलो, म्हणजे स्प्लेंडरच्या दीडपट, आणि ताकद जवळजवळ सहापट. हा हिशेब डोक्यात ठेवूनच मूठ पिळावी. ८५०० फेऱ्यांवर तो वाटीएवढा पिस्टन मिनिटाला तितक्याच वेळा वर जातो आणि खाली येतो. त्याचा सरासरी वेग काढला तर ताशी ६५ किलोमीटर भरतो, आणि प्रत्येक टोकाला थांबून त्याला उलटे फिरायचे असते. एवढा एकुलता एक पिस्टन एवढ्या घाईत असूनही आरशात मागचा ट्रक ओळखू येतो, याचे श्रेय आतल्या बॅलन्सर शाफ्टला. थरथर संपलेली नाही. सहा हजार फेऱ्यांच्या पुढे फूटरेस्ट आणि टाकी दोन्ही गुणगुणायला लागतात. एक सिलिंडर आहे म्हटल्यावर एवढे चालायचेच.

ताकद ४६ वरच का थांबली, ५५ का नाही, असे पुष्कळ जण विचारतात. इंजिनाची कुवत नाही म्हणून ती थांबलेली नाही. युरोपात तरुण चालकाला मिळणाऱ्या ए-टू परवान्यावर ३५ किलोवॅटपर्यंतचीच मोटरसायकल चालवता येते. तिकडचे मोठे गिऱ्हाईक त्या परवान्याचे असल्याने गाडी त्या रेषेच्या किंचित आत, ४६ पीएसवर, बेतलेली आहे. आपल्याकडे तसा टप्प्याटप्प्याचा परवानाच नाही. काल स्प्लेंडर शिकलेला मुलगा आज ड्यूक घेऊन बाहेर पडू शकतो. माझ्या मते हा आपल्या व्यवस्थेतला मोठा खड्डा आहे, आणि तो बुजवायला कुणालाही घाई दिसत नाही.

चांदणी चौक, पिरंगुट, पौड करत मुळशीच्या कडेने ताम्हिणीकडे निघालो. नेकेड गाडीला पुढे फेअरिंगचा पडदा नसतो, वारा थेट छातीवर. ऐंशी-नव्वदपर्यंत हे सुखाचे असते. शंभराच्या पुढे मात्र मान आणि हात कामाला लागतात आणि वेगाची हौस आपोआप आटोक्यात येते. द्रुतगती मार्गावर दुचाकीला मनाई असल्याने तासन् तास सरळ पळवायचा प्रश्न आपल्याकडे कमीच येतो. घाट हेच या गाडीचे गाव.

ताम्हिणीचा रस्ता एकसारखा नाही. धरणाच्या बाजूला काही ठिकाणी डांबर गुळगुळीत, पुढे झाडीत शिरलो की कडा उखडलेल्या, मध्ये कुठे पाण्याने खणलेली चर, वळणावर शेवाळ. अशा रस्त्यावर गाडीच्या शॉकअपची जात कळते. आणि इथेच मला या गाडीतली सर्वांत मोठी गोष्ट सापडली. तिची जाहिरात इंजिनाइतकी कुणी करत नाही. पुढच्या फोर्कच्या दोन्ही नळ्यांच्या टोकावर हाताने फिरवता येणारी एकेक चकती आहे. डावीकडची चकती फोर्क किती झटकन दाबला जावा हे ठरवते, उजवीकडची तो किती सावकाश परत यावा हे. प्रत्येकीला पाच पायऱ्या. पाना लागत नाही, मेकॅनिक लागत नाही. रस्त्याच्या कडेला गाडी लावायची, हातमोजे न काढता दोन टिचक्या द्यायच्या आणि निघायचे.

आपल्याकडच्या बहुतेक गाड्यांत पुढचे फोर्क कारखान्यातून जसे येतात तसेच जन्मभर राहतात. चालवणारा पंचावन्न किलोचा असो की पंचाण्णव किलोचा, घाट असो की गल्ली. मी आधी दोन्ही चकत्या मधोमध ठेवून उखडलेल्या पट्ट्यावरून गेलो, तेव्हा प्रत्येक खड्डा मनगटात मोजून घेता येत होता. डावी चकती पार सैल केली आणि तोच पट्टा पुन्हा कापला. खड्डे होते तिथेच होते, पण फोर्क ते गिळू लागला. पुढे विळ्याकडच्या उतारावर डांबर बरे लागले तेव्हा सैल फोर्कमुळे ब्रेक लावताच गाडीचे नाक खाली जाऊ लागले. परत दोन टिचक्या घट्ट, आणि नाक जागेवर. ज्याला शॉकअप म्हणजे काय हे समजून घ्यायचे आहे त्याने पुस्तक वाचण्यापेक्षा एक सकाळ या चकत्यांशी खेळावे.

मागचा मोनोशॉक नेहमीसारखा मधोमध नाही, तो एका बाजूला सरकवला आहे. त्यामुळे मध्ये हवेच्या डब्याला जागा मिळाली आणि सीट खाली आणता आली. सीटची उंची ८०० किंवा ८२० मिलिमीटर ठेवता येते. सरासरी मराठी उंचीच्या माणसाचे दोन्ही पाय टेकतात, टाचा नाही टेकल्या तरी. सायलेन्सरही बाजूला लटकत नाही, तो पोटाखाली लपवला आहे. वजन खाली आणि मध्याजवळ आल्याने लागोपाठच्या वळणांवर गाडी इकडून तिकडे टाकायला जोर लावावा लागत नाही. नजर टाकली की गाडी वळते. दिसायला मात्र ती मला जरा जास्तच कोनाकोनांची वाटते. टाकीचे ते पंख पुढच्या चाकावर धावून गेल्यासारखे दिसतात. तरुणांना आवडतात म्हणे.

ओल्या वळणावर ब्रेक लावायची वेळ आली तेव्हा तंत्रज्ञानाची गरज पटली. टायरजवळ पकडीचा साठा ठरावीक असतो. गाडी सरळ असेल तर सगळा साठा ब्रेकला देता येतो. झुकलेली असेल तर त्यातला मोठा वाटा वळण खाऊन टाकते आणि ब्रेकला थोडाच उरतो. ब्रेक लावताना चाक जाम होऊ न देणाऱ्या साध्या एबीएसला गाडी झुकली आहे की सरळ आहे हे कळत नाही. या गाडीतल्या सेन्सरला झुकाव कळतो आणि त्या प्रमाणात ब्रेकचा दाब कमी-जास्त होतो. ट्रॅक्शन कंट्रोलचेही तसेच. पुढची डिस्क ३२० मिलिमीटरची, मागची २४०. कॅलिपर बायब्रे या नावाचे, म्हणजे इटलीच्या ब्रेम्बोचे भारतीय अपत्य, आणि ब्रेम्बोचा कारखानाही चाकण भागातच. ऑस्ट्रियन नावाच्या या गाडीत पुणे जिल्हा किती आहे हे असे तुकड्यातुकड्याने कळत जाते.

स्ट्रीट, रेन आणि ट्रॅक असे तीन मोड आहेत. रेनमध्ये मूठ सौम्य होते आणि ट्रॅक्शन कंट्रोल जास्त सावध. क्विकशिफ्टर असल्याने क्लच न दाबता गिअर वर-खाली जातो. उतारावर, मागचा ट्रक जवळ येत असताना, ही सोय चैनीची राहत नाही. जागेवरून झटक्यात सुटण्यासाठी लाँच कंट्रोलही आहे. सिग्नलवर ते वापरणाऱ्याचे काय करायचे ते वाहतूक पोलीस ठरवतील.

आता कंपनीबद्दल, कारण गाडी घेणारा आज हा प्रश्न विचारतोच. नोव्हेंबर २०२४ मध्ये केटीएमने ऑस्ट्रियात दिवाळखोरीच्या कायद्याखाली पुनर्रचनेचा अर्ज केला. गोदामांत न विकलेल्या गाड्या साठल्या होत्या आणि कर्ज डोईजड झाले होते. फेब्रुवारी २०२५ मध्ये धनकोंनी ३० टक्के रकमेवर तडजोड मान्य केली आणि ते पैसे उभे करायला पुढे आले पुण्याचे बजाज. वर्ष संपायच्या आत कंपनीचा ताबाच बजाजकडे आला. साडेचौदा टक्क्यांचा भागीदार अठरा वर्षांत मालक झाला, तोही मूळ कारखाना बंद पडायच्या बेतात असताना. चाकणची बांधणी त्या काळात चालू राहिली, म्हणून इथल्या गिऱ्हाइकाने सुट्या भागांची धास्ती घ्यायचे कारण मला दिसत नाही.

गाडी आली तेव्हा किंमत ३ लाख ११ हजार होती, २०२५ च्या सुरुवातीला ती तीन लाखांच्या आत आली. त्याच वर्षी गाडीला क्रूझ कंट्रोलही मिळाला. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीच्या वरच्या दुचाकींवर जीएसटी ४० टक्के झाला आणि त्याखालच्यांवर १८. या गाडीला त्याचा फटका कितपत बसतो हे कंपनी किती भार सोसते त्यावर आहे, तेव्हा ऑन-रोड आकडा बुकिंगच्या दिवशीचाच खरा धरा. विम्याचा, चेन-स्प्रॉकेटचा आणि टायरचा खर्च शंभर-दीडशे सीसीच्या सवयीने मोजू नका. टायर रुंद आणि मऊ आहेत, ते झिजणारच. टाकी १५ लिटरची, पुण्याहून कोल्हापूरला जाताना मध्ये पंप शोधावा लागत नाही.

माझे मत विचाराल तर या किमतीत एवढी शिकवणारी दुसरी नेकेड गाडी मला माहीत नाही. पण पहिली मोटरसायकल म्हणून ती घेऊ नये. दीडशे-दोनशे सीसीवर दोन पावसाळे काढलेल्याने घ्यावी, आणि बजेटमध्ये चांगले हेल्मेट, जॅकेट आणि हातमोजे आधी धरावेत, गाडी नंतर. रोज डबल सीट फिरणाऱ्याने मात्र थोडे थांबावे. मागची सीट आखूड आणि उंच आहे, धरायला फारसे काही नाही.

टेस्ट राइड मागाल तेव्हा मोकळा बायपास मागू नका, भर गर्दीची वेळ मागा. पंख्याची गरम हवा पायावर कितपत येते, क्लच किती वेळा दाबावा लागतो हे तिथेच कळेल. घरातले जे माणूस मागे बसणार आहे त्याला सोबत न्या, अर्धा तास मागे बसवा, आणि ते हसत उतरले तरच बुकिंगची पावती फाडा.